लॉटरी लागली, आता पैसे हातात कसे येतात?

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. आमच्या शाखेचं शटर अर्धं वर गेलं असेल, तेवढ्यात एक ओळखीचा खातेदार पायरीवर येऊन उभा राहिला. होडीवर खलाशी म्हणून जाणारा माणूस, अंगात रेनकोट, एक हात छातीशी घट्ट धरलेला. आत आल्यावर त्याने शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी काढली आणि दुसरीतून घामाने, पावसाने मऊ पडलेलं लॉटरीचं तिकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बक्षीस सात लाखांचं होतं. मी पहिलं एकच विचारलं, "कोणाकोणाक सांगलंस?" तो म्हणाला, "घरात, शेजाऱ्यांका, आणि नाक्यावर चाय पिताना दोघा-तिघांका."

संध्याकाळपर्यंत त्याच्या पडवीत माणसं मावेनात. पैसे खात्यात यायला पुढे कित्येक आठवडे गेले, मागणारे मात्र त्याच दिवशी आले.

बँकेतल्या नोकरीची शेवटची वर्षं मी सिंधुदुर्गात काढली. लॉटरी लागलेली तीन माणसं त्या काळात माझ्यासमोर बसली. तिघांनाही आनंद होता आणि तिघांनाही पुढचं पाऊल माहीत नव्हतं. तिकीट विकत घ्यावं की नाही, यावर मी इथे काही म्हणत नाही. ज्याला लागलं आहे, त्याचा पैसा त्याच्या खात्यात नीट पोचावा आणि तिथे टिकावा, यासाठी हे लिहितो आहे.

आधी खात्री करा, तीही दोनदा

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निकालाच्या फोटोवर विसंबू नका. महाराष्ट्र राज्य लॉटरीचा निकाल तिच्या अधिकृत संकेतस्थळावर येतो, विक्रेत्याकडे छापील निकालपत्रकही मिळतं. सोडतीचं नाव, तारीख, मालिकेची अक्षरं आणि पूर्ण क्रमांक या चारही गोष्टी जुळायला हव्यात. आकडे जुळतात आणि मालिका वेगळी निघते, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी पहिलं बक्षीस नसलं तरी त्याच आकड्यांवर छोटं बक्षीस असू शकतं, म्हणून पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचताना घरातल्या दुसऱ्या एका विश्वासू माणसाला शेजारी बसवा. आनंदाच्या भरात डोळा चुकतो.

आपली लॉटरी सरकारी आहे. महाराष्ट्राने ती १९६९ साली सुरू केली. लॉटरी विनियमन कायदा १९९८ नुसार तिकीट सरकारच्या मुद्रेसह छापलेलं असावं लागतं आणि सोडतही सरकारच काढतं. मटक्याची चिठ्ठी या कायद्यात कुठेच बसत नाही, त्यामुळे तिच्या पैशासाठी कोणत्याही कार्यालयाचं दार ठोठावता येत नाही.

तिकीट हाच पैसा

लॉटरीचं तिकीट ज्याच्या हातात, त्याचं. त्यावर तुमचं नाव छापलेलं नसतं. हरवलं, भिजून फाटलं किंवा कोणी उचललं, तर 'माझंच होतं हो' या बोलण्याला कार्यालयात काही किंमत नाही. म्हणून खात्री पटल्यावर लगेच तिकिटाच्या पाठीमागे, त्यासाठी ठेवलेल्या जागेत, आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि बँकेत चालते तीच सही करा. पुढच्या बाजूला पेन लावू नका. मग दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, पण ती काढताना समोर उभे राहा. तिकीट दुकानदाराकडे टाकून 'जरा काढून ठेव, येतो' म्हणू नका.

आपल्याकडच्या हवेत कागद कसा होतो हे वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टात पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी धरते. तिकीट दोन कोऱ्या जाड कागदांच्या मध्ये ठेवा, ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकीट कपाटाच्या वरच्या खणात एखाद्या जाडजूड वहीत ठेवा. बँकेत लॉकर असेल तर सर्वात उत्तम. लॅमिनेशन करू नका, इस्त्री फिरवू नका, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. खाडाखोड झालेलं किंवा छेडछाड केल्यासारखं दिसणारं तिकीट नाकारलं जातं, मग तुमचा हेतू कितीही साफ असो. आणि तिकिटाचा फोटो स्टेटसला अजिबात लावू नका. त्यावरचा क्रमांक आणि बारकोड जगाला दाखवण्याची काही गरज नाही.

तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत दावा करायची मुदत छापलेली असते. ती भिंग लावून वाचा आणि कॅलेंडरवर खूण करा. केरळच्या लॉटरीत ही मुदत सोडतीपासून फक्त ३० दिवसांची आहे. मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा होतं, ही तरतूद १९९८ च्या कायद्यातच आहे.

घरात कोणाला सांगायचं

नवरा-बायकोला आणि ज्याच्यासोबत कार्यालयात जाणार आहात त्याला सांगा, एवढं पुरे. गावात बातमी फिरली की दुसऱ्या दिवशी देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती येते, तिसऱ्या दिवशी क्रिकेटच्या स्पर्धेचं बक्षीस तुमच्या नावावर लागतं, चौथ्या दिवशी मुंबईहून चाकरमानी भावाचा फोन येतो. यातलं कोणीच वाईट नसतं. पण तुमच्या हातात त्या वेळी पैसा नसतो, नुसता कागद असतो. त्या कागदाच्या बळावर दिलेला शब्द पुढे कर कापल्यानंतर उरलेल्या रकमेतून पाळावा लागतो. माझ्याकडे आलेल्या त्या खलाशाने पहिल्याच आठवड्यात ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालताना मंडपाचे पत्रे कबूल केले. शब्द देवाला दिलेला, त्यामुळे मागे फिरता येईना, आणि हिशेब त्याने नंतर मांडला.

तिकीट चौघांत घेतलं असेल तर

तांडेल, खलाशी, रिक्षा स्टँडवरचे मित्र, बागेतले कामगार, सगळे मिळून तिकीट काढतात. दरवेळी दहा-वीस रुपये, त्यामुळे कोणी लिहून ठेवत नाही. लागलं की मात्र मैत्री तुटते. म्हणून तिकीट काढल्या दिवशीच, सोडतीच्या आधी, साध्या कागदावर तिकिटाचा क्रमांक, कोणाचे किती पैसे, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. त्या कागदाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर असू द्या.

यात कराचंही एक कारण आहे. बक्षीस एकाच्या नावावर घेतलं आणि त्याने नंतर मित्रांना त्यांचा हिस्सा पाठवला, तर तो हिस्सा भेट म्हणून पाहिला जाऊ शकतो. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर मिळालेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर. सोडतीआधीचा कागद असेल तर तिकीट पहिल्यापासून सामाईक होतं हे दाखवता येतं. दावा भरण्याआधीच कार्यालयात सांगा की मालक चौघे आहेत, आणि चौघांचीही कागदपत्रं जोडायची तयारी ठेवा.

खातं आणि कागद

आता बँकेचं काम. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर, केवायसी पूर्ण झालेलं आणि चालू स्थितीत हवं. गावात अनेकांकडे, विशेषतः आयाबायांकडे, अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'छोटं खातं' असतं. त्यात कोणत्याही वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. अशा खात्याचा क्रमांक दाव्यात दिला तर पैसे अडकतात. आधी शाखेत जाऊन ते पूर्ण केवायसीचं करून घ्या. दोन वर्षं व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय पडलेलं खातंही आधी जागं करा.

पॅन कार्ड नसेल तर आजच अर्ज करा. आधार, पॅन आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते पाहा. आपल्याकडे हा घोळ फार आहे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर गावाच्या नावावरून पडलेलं दुसरं, बाईमाणसाचं पासबुक माहेरच्या नावाचं. दाव्यासाठी मूळ तिकीट, भरलेला मागणी अर्ज, पॅन आणि आधारच्या प्रती, फोटो, आणि पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश एवढं तयार ठेवा. सगळ्याचा एक वेगळा संच घरी राहू द्या.

वाशीची वाट

महाराष्ट्र राज्य लॉटरीत १०,००० रुपयांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडूनच मिळतं. त्यावरच्या रकमेसाठी राज्य लॉटरीच्या वाशी इथल्या कार्यालयात दावा करावा लागतो. इथे आपली सोय चांगली आहे. कुडाळ-कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरली की पहाटे पनवेल, तिथून हार्बर लाइनची लोकल थेट वाशीला जाते. रायगडातल्या माणसाला तर सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

एकटे जाऊ नका. तिकीट बॅगेत घालून वरच्या फळीवर ठेवू नका, अंगावर ठेवा. पोस्टाने पाठवायचा मोहही टाळा, कारण मूळ तिकीट एकदा हातातून गेलं की उरते ती फक्त झेरॉक्स. स्वतः जाऊन दावा द्या आणि तिकिटाचा क्रमांक लिहिलेली, शिक्का नि तारीख असलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. दावा घेणाऱ्या कर्मचाऱ्याला पुढच्या टप्प्यांचा अंदाज विचारून वहीत लिहून ठेवा.

पुढे तिकिटाचा खरेपणा तपासला जातो, विक्रीची नोंद पडताळली जाते, मंजुरी होते आणि मग रक्कम थेट खात्यात येते. याला आठवडे लागतात. या काळात 'लवकर काढून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला एक पैसाही देऊ नका. सगळी रक्कम एकदमच मिळते. अमेरिकेतल्या पॉवरबॉलसारखे २९ वर्षांत ३० हप्ते घ्यायचे की एकरकमी, असा प्रश्न आपल्याकडे येत नाही.

कर: ३० टक्के कापले म्हणजे संपलं, असं नाही

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकली. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

१०,००० रुपयांच्या वरचं बक्षीस देताना सरकार ३० टक्के कर आधीच कापून घेतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम १९४बी म्हणून ओळखलं जायचं. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण लॉटरीवरचा ३० टक्के दर तोच राहिला. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादा लागत नाही. तुमचं दुसरं उत्पन्न शून्य असलं, तुम्ही ज्येष्ठ नागरिक असलात, विमा-पीपीएफ भरत असलात, तरी लॉटरीच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्केच. आतापर्यंत काढलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही.

या करावर ४ टक्के उपकर असतो आणि वर्षाचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभारही. भारतात राहणाऱ्या विजेत्याचा कर कापताना हे दोन्ही कापले जात नाहीत. ते तुम्हाला नंतर स्वतः भरावे लागतात.

आमच्या खलाशाचं उदाहरण घ्या. बक्षीस ७,००,०००. कापले २,१०,०००. खात्यात आले ४,९०,०००. उपकर २,१०,००० चा ४ टक्के, म्हणजे ८,४००. विवरणपत्र भरताना तो भरला आणि खरी उरलेली रक्कम ४,८१,६०० झाली. इथे फरक छोटा आहे.

आता बक्षीस ८० लाखांचं धरा आणि दुसरं उत्पन्न नाही असं समजा. कापले २४ लाख, खात्यात ५६ लाख. पण उत्पन्न ५० लाखांच्या वर असल्याने कराच्या १० टक्के अधिभार, म्हणजे २,४०,०००. मग २६,४०,००० वर ४ टक्के उपकर, १,०५,६००. म्हणजे अजून ३,४५,६०० रुपये भरायचे आहेत आणि तेही आगाऊ करातून, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी. एक कोटीच्या वर अधिभार १५ टक्के, दोन कोटींच्या वर २५ टक्के होतो. ५६ लाख आपलेच समजून ज्याने घर बांधायला घेतलं, त्याच्याकडे मार्चमध्ये साडेतीन लाख कुठून येणार?

आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. लॉटरी कधी लागेल हे आधी कोणाला कळत नाही, म्हणून कायदा सवलत देतो: लागल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत कर भरला तर आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. १५ मार्चनंतर लागली तर ३१ मार्चपर्यंत भरा. कापलेला कर वजा जाता देणं १०,००० पेक्षा कमी असेल तर आगाऊ कराची गरज नाही, खलाशाच्या बाबतीत तसंच झालं.

विवरणपत्र भरावंच लागतं. पगारदार माणूस नेहमी भरतो तो 'सहज' फॉर्म लॉटरीच्या उत्पन्नाला चालत नाही, दुसरा घ्यावा लागतो. कर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर करखात्याच्या संकेतस्थळावर दिसते का ते पाहा. पॅनमध्ये एका अक्षराची चूक असली तर कापलेले लाखो रुपये दुसऱ्याच्या खात्यावर दिसतात किंवा कुठेच दिसत नाहीत. मोठी रक्कम असेल तर चार्टर्ड अकाउंटंट गाठा. त्याची फी हा या सगळ्यातला सर्वात योग्य खर्च.

तिकीट गोव्याचं किंवा केरळचं असेल तर

बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडच्या माणसाला पणजी मुंबईपेक्षा जवळ. गोवा सरकारच्या लॉटरीचं तिकीट असेल तर दावाही गोव्यातच, पणजीच्या अल्पबचत आणि लॉटरी संचालनालयाच्या नियमांनी. तिकीट ज्या राज्याचं, कार्यालय आणि मुदत त्याच राज्याची, हे लक्षात असू द्या.

ट्रक घेऊन किंवा रेल्वेने केरळात जाणारे आपले लोक तिथलं तिकीट आणतात. मोठं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या संचालनालयात किंवा बँकेमार्फत मागता येतं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नोटरीकडून साक्षांकित कागद द्यावे लागतात आणि आपण केरळात का गेलो होतो हेही सांगावं लागतं, कारण ती तिकिटं राज्याबाहेर विकायला मनाई आहे. शिवाय बक्षिसातून ठरावीक टक्के एजंटचे जातात. २०२२ च्या ओणम सोडतीचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं होतं. एजंटचे अडीच कोटी गेले, उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के कर गेला आणि विजेत्याच्या वाट्याला पावणेसोळा कोटी आले. अधिभार आणि उपकर त्यातून पुढे द्यायचे.

रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरं आखाती देशांच्या पगारावर उभी आहेत. तिथे राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला तिथेच बक्षीस लागलं आणि त्याने ते तिथेच स्वीकारलं, तर त्यावर भारतात कर नाही, आणि एनआरई खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्यातून, ते घरी आणता येतं. इथे राहणाऱ्याचं गणित निराळं. भारतातून परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवायला परकीय चलन नियमांत बंदी आहे.

दोन प्रकारच्या माणसांपासून सांभाळा

पहिला फोनवर येतो. '२५ लाखांची लॉटरी लागली, आधी जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क भरा.' न काढलेलं तिकीट लागत नाही आणि सरकार बक्षीस देण्याआधी पैसे मागत नाही, कर बक्षिसातूनच कापलेला असतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरा घरी येतो, गाडीतून. 'तिकीट आम्हाला द्या, कर कापून जे मिळेल त्याहून जास्त रोख देतो.' त्याला काळा पैसा पांढरा करायचा असतो. तुम्ही तिकीट दिलंत तर त्या गुन्ह्यात तुमचा हात लागला. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. त्याला पडवीतूनच परत पाठवा.

पैसे आल्यावर

त्याच दिवशी कराची उरलेली रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत टाका, मार्चच्या आधी पिकेल अशी. मग सोन्यावरचं कर्ज, होडीच्या इंजिनाचं कर्ज, सावकाराचं देणं फेडा.

एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका. बँक बुडाली तर ठेव विमा प्रत्येक बँकेमागे, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच मिळतो. पतपेढीच्या ठेवींना तोही नाही, मग अध्यक्ष कितीही ओळखीचे असोत. २०१० साली पेणच्या अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांनी किती फेऱ्या मारल्या हे रायगडातल्या घराघराला ठाऊक आहे.

आई-वडील, भावंडं, मुलं यांना दिलेल्या पैशावर त्यांना कर नाही. बायकोला दिलेल्या पैशावरही नाही, पण त्याचं पुढचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. देणं बँकेमार्फत करा आणि साधं भेटपत्र लिहा.

समुद्राकाठच्या जागेची घाई नको. शेतजमीन घ्यायला कूळकायद्याप्रमाणे तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर प्रत्येकाची सही हवी, त्यातला एक पुण्यात आणि एक दुबईत असतो. भरतीरेषेजवळच्या जागेत सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांमुळे, घर बांधता येईल की नाही, हे विसार देण्याआधी तपासा.

आणि खात्याला वारस नेमा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, प्रत्येकाचा टक्का ठरवून. आमच्या खलाशाच्या वेळी ही सोय नव्हती. त्याने एका फॉर्मवर आईचं नाव लिहिलं, कर्जाचे पैसे त्याच खिडकीवर भरले आणि मंडपाच्या पत्र्यांसाठी लागतील तेवढेच बाजूला काढून घेतले.